पूरपट्ट्यात सेल्फ स्टोरेज चालवायचंय? पावसाळ्याआधीची कामं, क्रमाने

सांगलीसारख्या गावात स्टोरेजचा, म्हणजे सामान ठेवायला कुलूपबंद गाळे भाड्याने द्यायचा, धंदा चालतो का, असं मला अजूनही विचारतात. चालतो की. जुना वाडा पाडून अपार्टमेंट उभं राहीपर्यंत सामान कुठेतरी ठेवावंच लागतं. पोरं पुण्याला नाहीतर परदेशात, आणि आई-वडिलांची कपाटं, तांब्या-पितळेची भांडी टाकवत नाहीत. दुकानदाराचा सीझन संपलेला माल असतो, सीए लोकांच्या जुन्या फायली असतात. गिऱ्हाईक आहे, भाडंही वेळेवर येतं. फक्त गाव कृष्णेच्या काठचं आहे, आणि २००५, २०१९, २०२१ या तीन महापुरांनी इथल्या माणसाला जागेबद्दल पहिला प्रश्न ‘भाडं किती’ ऐवजी ‘पाणी कुठवर आलं होतं’ हा विचारायला शिकवलंय.

या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांसाठी हे लिहितोय. कोल्हापूर, कराड, चिपळूण, महाड इथल्यांनाही बरंचसं लागू पडेल. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगेन.

साध्या गोदामापेक्षा आपलं काम एका बाबतीत अवघड आहे. गोदामवाल्याला आत काय आहे ते माहीत असतं आणि चावी त्याच्याच खिशात असते. आपल्याकडे कुलूप गिऱ्हाइकाचं, चावी त्याच्याकडे, आत काय भरलंय तेही त्यालाच ठाऊक. पाणी रस्त्यावर आलं की तुम्ही बोळात उभे आणि दोन्ही बाजूंना बंद शटर. म्हणून आपली निम्मी तयारी गिऱ्हाईक पहिल्या दिवशी सही करायला बसतं तेव्हाच उरकावी लागते. उरलेली निम्मी जोत्यावर, पत्र्यावर आणि विजेवर.

१. पाण्याची उंची स्वतः मोजा

जागा घ्यायच्या आधी जलसंपदा विभागाच्या पूररेषेच्या नकाशात तिचा सर्व्हे नंबर शोधा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत स्टोरेजसाठी जागा घेऊच नका, कितीही स्वस्त मिळाली तरी. निळी आणि लाल यांच्यामध्ये असेल तर बांधकामाला अटी असतात. महापालिकेत विचारल्याशिवाय इसार देऊ नका.

नकाशा बघून झाला की शेजारी फिरा. इस्त्रीवाला, पिठाच्या गिरणीवाला, मागच्या गल्लीतली आजी, कुणालाही विचारा: एकोणीस साली पाणी कुठवर होतं? बोट दाखवून सांगतात. कित्येक भिंतींवर गाळाची रेघ रंगाखालून अजून दिसते. तीन-चार ठिकाणच्या खुणा घ्या. मग गवंड्याला बोलवून लेव्हल ट्यूबने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, तीच उंची तुमच्या भिंतीवर आणा. तिथे ऑइल पेंटने रेघ ओढा, शेजारी साल लिहा. पुढची सगळी कामं या रेघेवरून ठरतात, त्यामुळे इथे अंदाजपंचे नको.

दुसरी मोजणी सांगलीकरांसाठी. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोडकडच्या सखल भागात सगळ्यात आधी पाणी येतं; गावभाग, मारुती रोडची पाळी नंतर येते. तुमच्या दारात पाणी यायला आयर्विनला किती फूट व्हावं लागतं, हा आकडा तुम्हाला तोंडपाठ पाहिजे. शेजाऱ्यांकडून तो मिळतो. बातम्यांत ‘नदीने धोका पातळी ओलांडली’ असं येतं ते सगळ्या गावासाठी असतं.

इथे फसतात: ‘आमच्याकडे कधीच पाणी आलं नाही’ हे जागामालकाचं वाक्य. कधीपासून राहताय, ते विचारा.

२. रेघेवरून गाळ्यांची वाटणी करा

रेघेखालचे गाळे आणि रेघेवरचे गाळे वेगळे मोजा, भाडंही वेगळं लावा. खालच्या गाळ्यांत काय चालेल ते ठरवून टाका: प्लास्टिकच्या खुर्च्या, लोखंडी पाइप, मंडपाचं साहित्य, ग्रॅनाइट, टाइल्स, भांडी. म्हणजे भिजलं तरी धुऊन वापरता येईल असं. कागद, कापड, गाद्या, प्लायवूडचं फर्निचर, इलेक्ट्रॉनिक्स या वस्तूंना वरचा मजला. गिऱ्हाईक म्हणेल, ‘खालचाच द्या, चढ-उतार नको.’ अशा वेळी पन्नास-शंभर रुपये भाडं कमी करा, पण फायलींचे खोके खाली घेऊ नका.

काही वस्तू कुठल्याच मजल्यावर नकोत: गॅस सिलिंडर (रिकामासुद्धा), पेट्रोल असलेली गाडी, थिनर, फटाके, शेतीची कीटकनाशकं. सिलिंडर पुरात तरंगतो आणि कीटकनाशकाचा डबा फुटला तर सगळ्या इमारतीतलं पाणी विषारी होतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीलाही मी नाही म्हणतो.

तरंगण्यावरून आठवलं. रिकामा फ्रीज पाण्यावर उचलला जातो आणि आडवा होतो. हलकं प्लायवूडचं कपाटही तसंच. पाणी उतरताना ते नेमकं शटरला आतून टेकून बसतं, आणि मग शटर वर जात नाही. नको म्हटलेली अशी वस्तू खाली आलीच तर, म्हणून खालच्या गाळ्यांत मागच्या भिंतीला दोन मजबूत हूक मारून ठेवा. मोठी वस्तू नायलॉनच्या पट्ट्याने त्यांना बांधायची. हूक तुमच्या खर्चाने. गिऱ्हाईक स्वतःहून कधीच मारणार नाही.

जमिनीवर थेट काहीच नको. प्लास्टिकचे पॅलेट घ्या. लाकडी स्वस्त पडतात, पण फुगतात आणि वाळवीला आमंत्रण देतात.

हरिपूरची हळदीची पेवं सांगलीकरांना सांगायला नकोत. जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता टिकायची, आणि महापुराचं पाणी शिरलं तेव्हा आतली हळदही गेली आणि पुष्कळ पेवंही गेली. कोरड्या वर्षी जी जागा उत्तम, ती पुराच्या वर्षीही उत्तम असेल असं नाही. बेसमेंटमध्ये गाळे काढायचा सल्ला देणारे आर्किटेक्ट भेटतील. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

३. करारात ही पाच कलमं घाला

माझ्या मते या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. बाकी सगळं पैशाने होतं.

पहिलं, स्थानिक दुसरा संपर्क. गिऱ्हाईक न्यू जर्सीत असेल तर तुमच्या दुपारी तिथे पहाट असते. सांगली-मिरजेत राहणारा, दोन तासांत येऊ शकेल असा माणूस हवा. त्याचं नाव, नंबर आणि ‘हा माझ्या वतीने गाळा उघडू शकतो’ अशी लेखी संमती. दरवर्षी मे महिन्यात त्या नंबरवर एकदा फोन करा. नंबर बदललेले असतात, भाऊ-भाऊ बोलत नसतात.

दुसरं, वस्तूंची यादी. किंमत नको, प्रकार पुरे: लाकडी कपाट २, पुस्तकांचे खोके ८. गाळा भरल्यावर शटर उघडं असताना एक फोटो, गिऱ्हाइकासमोर.

तिसरं, आणीबाणीत उघडण्याची परवानगी. कुठल्या पातळीला तुम्ही कुलूप कापू शकता, ते आकड्यात लिहा. ‘पूरपरिस्थिती उद्भवल्यास’ असं मोघम लिहिलं की भांडण ठरलेलं. कापताना दोन साक्षीदार, सलग व्हिडिओ, नवं कुलूप, कागदी सील आणि त्यावर तिघांच्या सह्या. मात्र एक जाणून असा: तुम्ही कुलूप कापून सामान हलवलंत की ते तुमच्या ताब्यात आलं असा अर्थ निघू शकतो. भारतीय करार कायदा, १८७२च्या १५१व्या कलमाप्रमाणे दुसऱ्याचा माल ताब्यात घेणाऱ्याने शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेतो तेवढी काळजी घ्यायची असते. म्हणजे कापायचंच असेल तर नीट उचला, नीट ठेवा आणि कुठे ठेवलं ते लिहा. हे कलम स्थानिक वकिलाकडूनच लिहून घ्या. इंटरनेटवरचे अमेरिकी नमुने इथे कामाचे नाहीत.

चौथं, गाळा कुठल्या उंचीवर आहे ते. ‘हा गाळा २०१९च्या पूरपातळीच्या इतके फूट खाली/वर आहे, हे मला दाखवलं आहे’ आणि खाली सही. भिंतीवरची रेघ इथे कामाला येते. धंदा बुडेल असं वाटतं, पण उलट होतं. ज्याला कागद ठेवायचेत तो स्वतःच वरचा गाळा मागतो.

पाचवं, विमा कुणाचा. तो पुढे येतोच.

४. पत्रा, शटर, ड्रेनेज, वीज

पूर जुलै-ऑगस्टचा, पण पत्रे उडतात ते एप्रिल-मेच्या वळवात. संध्याकाळी अर्धा तास वारं सुटतं, गारा पडतात आणि शेड उघडी. वारा छपराच्या कडा आणि कोपरे आधी उचलतो, मधले पत्रे नंतर जातात. त्यामुळे कडेच्या ओळींत स्क्रू दाटीने मारून घ्या. रबर वॉशर उन्हाने तडकतात. मार्चअखेर फॅब्रिकेटरला वर चढवून एकेक तपासा. पन्हळी साफ करा, नाहीतर पाणी मागे फिरून आत उतरतं. कोकणातल्या मंडळींनी हे काम दुप्पट गंभीरपणे घ्यावं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडात काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे.

शटरबद्दल एक हिशोब लक्षात ठेवा. तीन मीटर रुंद शटरबाहेर एक मीटर पाणी साचलं आणि आत कोरडं असलं तर त्या शटरवर सुमारे दीड टनाचा दाब येतो. दोन मीटर झालं तर सहा टन, कारण दाब खोलीच्या वर्गाने वाढतो. वाळूची पोती, फळ्या, सिलिकॉन हे दोन-तीन फुटांपर्यंत ठीक. त्याच्यावर पाणी अडवायला गेलात तर अर्ध्या विटेची भिंत ढासळते, आणि भिंत ढासळली की आत माल नसला तरी नुकसान मोठं. तेव्हा एका उंचीनंतर पाणी आत येऊ द्यायचं. आधीच तळाशी जाळीची भोकं ठेवलीत तर ते हळूहळू, गाळ बाहेर ठेवून येतं.

पाणी दारातून यायच्या आधी संडासातून येतं. ड्रेनेजच्या बाहेरच्या चेंबरला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, बसवा, आणि ऐन वेळी कमोडच्या भोकात वाळूची पिशवी दाबा. किळसवाणं काम आहे, पण दोन मिनिटांचं.

विजेचा मुख्य बोर्ड, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आणि इंटरनेटचा डबा रेघेच्या वर न्या. मीटरची जागा बदलायला महावितरणकडे अर्ज लागतो. वेळ लागतो, फेब्रुवारीत द्या. खालच्या मजल्याचं सर्किट वेगळं करा, म्हणजे ते बंद करूनही वर दिवे चालतात. प्रत्येक सर्किटला विजेची गळती ओळखणारा ब्रेकर हवा. जनरेटर असेल तर ओट्यावर, आणि त्याचा धूर बंदिस्त बोळात येणार नाही असा.

आग ही पुराची जोडीदार असते, ओल्या वायरिंगमुळे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून जानेवारीत आणि जुलैत घ्यायचं असतं. जुलैचं हमखास राहून जातं.

५. भूकंप: पूर सांगतो वर ठेवा, भूकंप सांगतो खाली ठेवा

कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आणि किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा, दोन्ही आपल्याच राज्यातले. सांगलीला कोयनेचे धक्के अधूनमधून जाणवतात. इथे पेच असा की पुरासाठी जड सामान उंच नेलं तर भूकंपात तेच डोक्यावर येतं. तोडगा एकच: उंची इमारतीने द्यावी, रॅकने नाही. म्हणजे जड वस्तू वरच्या मजल्यावर, पण तिथल्या जमिनीलगतच्या खणात. स्लॉटेड अँगलचे, म्हणजे भोकं असलेल्या लोखंडी पट्ट्यांचे, रॅक पायाशी अँकर बोल्टने फरशीला, वर भिंतीला, आणि पाठीला पाठ लावून एकमेकांना जोडा. मागच्या बाजूला तिरकी पट्टी नसलेला रॅक घेऊच नका. तो नुसत्या ढकलण्याने झुकतो. वरच्या मजल्याचा स्लॅब किती वजन पेलतो हे स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून लेखी घ्या, आणि तो आकडा जिन्यात लावा. पुस्तकांनी भरलेला गाळा दिसतो त्यापेक्षा फार जड असतो.

६. विमा आणि कागद

इमारत आणि तुमची साधनं मिळून ५ कोटींपर्यंत असतील तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी बघा. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्या ती देतात, आणि पूर, वादळ, भूकंप तिच्यात मुळातच धरलेले आहेत. विम्याची रक्कम मुद्दाम कमी लावू नका. चाळीस लाखांच्या मालमत्तेचा वीस लाखांचा विमा काढला तर चार लाखांच्या नुकसानीचेही पूर्ण चार लाख मिळत नाहीत. थोडी सूट सोडली तर भरपाई त्याच प्रमाणात कापली जाते.

सगळ्यात मोठी गल्लत ही: तुमच्या पॉलिसीत गिऱ्हाइकाचं सामान आपोआप येत नाही. ‘दुसऱ्यांचा, आपल्याकडे ठेवलेला माल’ असा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा लागतो, नाहीतर गिऱ्हाइकाने स्वतःचा काढायचा. त्याचा घराचा विमा असला तरी तो सहसा घराच्या पत्त्यावरच्या सामानाला असतो. त्याला विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यायला सांगा. एजंटचं ‘होऊन जाईल साहेब’ हे उत्तर धरू नका.

हे कागद एका जलरोधक पिशवीत आणि मोबाइलबाहेरच्या क्लाउडवर ठेवा:

- सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा, बिगरशेती आदेश
- विमा पॉलिसी, हप्त्याची पावती, साधनांची बिलं
- अग्निशमन दाखला आणि ‘ब’ नमुना
- सगळ्या गिऱ्हाइकांचे करार, यादी, दुसऱ्या संपर्काचे नंबर (हे छापील पण, कारण वीज जाते)
- जीएसटी नोंदणी
- रिकाम्या आणि भरलेल्या प्रत्येक गाळ्याचे तारखेसह फोटो

७. पातळीनुसार काय करायचं, ते भिंतीवर लावा

सांगलीचं नशीब इतकंच की इथे नदी सांगून येते. कोयनेतून सोडलेलं पाणी कराडमार्गे इथे यायला वेळ लागतो, आणि हरिपूरला वारणाही मिळते. वारणा भरलेली असली की कृष्णेचं पाणी तुंबतं, त्यामुळे फक्त कोयनेचा विसर्ग बघून चालत नाही, वारणेवरच्या चांदोली धरणाचाही बघा. चिपळूणकरांना ही सवलत नाही. २२ जुलै २०२१ ला तिथे पाणी पहाटेच्या अंधारात काही तासांत चढलं. तुमच्याकडे तसं असेल तर खालची यादी विसरा. रेड अलर्ट आला, म्हणजे २४ तासांत २०४ मिलिमीटरहून जास्त पावसाचा इशारा, की सगळं एकदम करायचं.

खालचे आकडे नमुन्यादाखल. तुमच्या दारात पाणी केव्हा येतं त्यावरून ते मागेपुढे करा.

- आयर्विन ३० फूट आणि धरणांतून विसर्ग सुरू: खालच्या गाळ्यांच्या सगळ्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअॅप आणि फोन. कुणाला मेसेज पोचला, कुणाला नाही, वहीत टिकमार्क. टेम्पोवाल्याला आजच सांगून ठेवा, परवा तो मिळणार नाही.
- ३५ फूट: वरचे राखीव गाळे उघडा. दोन-तीन गाळे पावसाळाभर मुद्दाम रिकामे ठेवायचे असतात. भाडं बुडतं, पण खालचं सामान न्यायचं कुठे?
- ४० फूट: करारात हा आकडा असेल तर न आलेल्यांची कुलपं कापा. कमोड बंद, फ्रीज-कपाटं बांधा, लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद.
- ४५ फूट: खालच्या मजल्याची वीज बंद, मुख्य दाराला कुलूप, माणसं बाहेर. रखवालदाराला ‘लक्ष ठेव’ म्हणून मागे ठेवू नका. कुणाचंही सामान तेवढ्या किमतीचं नाही.

खात्रीच्या माहितीसाठी हवामान खात्याचं ‘मौसम’, विजांसाठी ‘दामिनी’ आणि इशाऱ्यांसाठी ‘सचेत’ ही अॅप ठेवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. गल्लीच्या ग्रुपवर फिरणारं ‘धरण फुटलं’ पुढे ढकलू नका, गिऱ्हाइकांना तर मुळीच नाही.

८. पाणी उतरल्यावर

२०१९ला कित्येक भागांत पाणी आठवडाभर हललं नव्हतं, तेव्हा घाई नको. आत जाताना गमबूट, हातमोजे, काठी आणि टॉर्च. कोपऱ्यात साप असतो असंच धरून चाला. पायाला जखम असेल तर उतरूच नका; लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, प्रतिबंधक गोळ्यांबद्दल आरोग्य केंद्रात आधी विचारा.

काहीही हलवायच्या आधी प्रत्येक गाळ्याचा फोटो, शेजारी फूटपट्टी धरून पाण्याची रेघ दिसेल असा. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, तलाठी किंवा महापालिकेच्या पंचनाम्यात नाव लावून घ्या. सर्वेअर येईपर्यंत फेकाफेक नको, पण वाचण्यासारखं वाचवायला हरकत नाही. भिजलेलं वेगळं काढून ठेवा.

गाळ ओला आहे तोवर काढा. वाळला की कुदळ लागते. शटरच्या खाचांत पाण्याचा जोराचा झोत मारा, वंगण नंतर. वीज लगेच चालू करू नका: इलेक्ट्रिशियनकडून मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून वायरिंग तपासून घ्या, भिजलेले ब्रेकर बदला.

लाकडी सामान सावलीत वाळवायचं, उन्हात ते चिरतं. भिजलेल्या कागदांना दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून महत्त्वाचे कागद प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि मग सवडीने थोडे थोडे वाळवायचे. ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याकडे जागा मिळते. चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका. स्वच्छ गार पाण्यात ठेवून अलगद सुटे करा.

गिऱ्हाइकांना एकेक करून वेळ देऊन बोलवा, सगळ्यांना एका सकाळी नको. त्यांच्या समोर शटर उघडा, यादी आणि जुना फोटो हातात ठेवा. त्या महिन्याचं भाडं मी घेत नाही, आणि ते करारातच लिहिलेलं आहे. ज्याचं सामान भिजलंय त्याच्याशी बाराशे रुपयांवरून वाद घालायची वेळ येऊ नये, म्हणून.